पहिला वाटा तू उचल

२९ जानेवारी २००१, सोमवार

रोशनीच्या बाईंनी सांगितलंय, अक्षर सुधारायचं तर रोज पानभर लिहायचं. पानभर काय लिहू म्हणून पोरगी पेन चावत बसली होती. म्हटलं, मी बोलते, तू लिही. तुझा हात सुधारेल, माझं तोंड मोकळं होईल.

तर मी कुसाबाई खंडेराव थेटे, राहणार सातपूर. शाळेत मी फक्त मतदानाला गेले आहे. माझ्या ‘हाय’चं ही ‘आहे’ करते आणि ‘लय’चं ‘खूप’. करू दे. वहीत तरी आपण शहरातले.

शुक्रवारी सकाळी भूकंप झाला. तिकडं गुजरातेत गावंच्या गावं गाडली गेली म्हणतात. आपल्याकडं नुसती मांडणीवरची भांडी वाजली. मी न्हाणीत होते. म्हटलं, सुट्टीच्या दिवशी सकाळीच सुरू झाला वाटतं शेखर. बाहेर येऊन बघते तर शेखर, उज्वला, रोशनी आणि छोटा राजू, सगळी दाराबाहेर एकमेकांचे हात धरून उभी. माझ्या लेकानं सुनेचा हात धरलेला मी किती वर्षांनी बघितला. जमीन थांबली तसे हात सुटले.

शेखर माझा एकुलता एक. कंपनीत लेथवर आहे. दारूला शिवत नाही, विडी ओढत नाही. लोकांची पोरं दारू पिऊन मारतात, माझा चहा पिऊन मारतो. त्यामुळं उतरायची वाटही बघता येत नाही.

रोशनी म्हणते, आजी, हे बाईंना दाखवायचंय. म्हटलं, बाईंसाठी दुसरी वही कर. त्यात गाय लिही.

४ फेब्रुवारी, रविवार

घर मोडायचं ठरलं. दोन्ही अर्थांनी, म्हणजे संसार आणि घर.

गुरुवारी शेखरनं उज्वलाच्या तोंडावर स्टीलचा तांब्या मारला. भाजीत मीठ नव्हतं, असं तो म्हणतो. मी खाल्ली ती भाजी, मीठ होतं. मार खाल्ल्यावर बायका रडतात. ही रडली नाही, मोरीत वाकून दात शोधत बसली. जाळीत सापडला. धुतला, पदराच्या टोकाला बांधला आणि म्हणाली, “बस झालं, आई. मी पोरांना घेऊन निघते.”

मी म्हटलं, “बाई, दात नवा बसवता येतो. नवरा थोडाच नवा बसवता येतो?”

तोंडाला फडकं लावूनच ती म्हणाली, “तुम्ही उलटं बोलताय, आई.”

मला हसू आलं. हसायची वेळ नव्हती.

मागच्या गल्लीतला वर्कशॉपवाला गोटीराम हे घर केव्हापासून विकत मागतोय, त्यालाच द्यायचं ठरलं. कागदावर नावं दोन, माझं आणि शेखरचं. खंडेराव गेले तेव्हा तशी लागली. उज्वलाचं नाव कुठंच नाही. तिचं मोडलेलं सोनं वरच्या खोलीच्या स्लॅबमध्ये आहे. स्लॅब काही साक्ष देत नाही. ती कॉइलच्या कारखान्यात तारा गुंडाळून जे आणते, त्यात दोन पोरं आणि खोलीचं भाडं भागणार नाही. म्हणजे घराचे पैसे कसे वाटले जातात, त्यावर ही पोरं कुठं निजतात ते ठरणार.

ते मी ठरवून दिलं. माझ्या सासऱ्यांच्या भावाभावांत वाटणी झाली तेव्हा कोर्ट नाही, वकील नाही. मोठ्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं पहिला उचलायचा. उरलेला वाटा आपल्याच गळ्यात पडणार हे पाडणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो सोनाराच्या काट्यासारखं पाडतो. विहिरीचे दिवससुद्धा असेच वाटले होते. तर शेखरनं वाटे पाडावेत, उज्वलानं पहिला उचलावा.

शेखर लगेच हो म्हणाला. एवढ्या पटकन तो जेवायलाही हो म्हणत नाही. शेवटी घरची रीत, रक्तात असते.

११ फेब्रुवारी, रविवार

बैठक झाली. येवल्याहून उज्वलाचा भाऊ धनराज आला. तो पैठणीच्या मागावर बसतो, बोलतो कमी. गावाकडून माझे दीर पुंजाभावजी आले. शेजारची चांगुणा बोलावल्याशिवाय आली, ती नेहमीच तशी येते. पोहे मी केले.

शेखर म्हणाला, “रीतीप्रमाणे करू.” देवघरातले दोन पाट त्यानं मांडले. एका पाटावर गोटीरामनं दिलेला बयाणा ठेवला आणि त्यावर घराची किल्ली. “हा एक वाटा,” म्हणाला. “घराचा सगळा पैसा. आईला मी सांभाळीन, म्हणून आईचा हिस्साही ह्यातच.”

मग त्यानं राजूला उचलून दुसऱ्या पाटावर बसवलं. रोशनीला म्हणाला, “तू पण बस.”

“हा दुसरा वाटा. नुसती पोरं. उज्वला, पहिला वाटा तू उचल.”

राजूला वाटलं ओवाळायचं आहे. त्यानं डोक्यावर हात ठेवून टोपी मागितली. मग विचारलं, “मम्मी, निरांजन कुठंय?”

धनराज उठायला लागला, तर पुंजाभावजींनी त्याचा सदरा धरला. उज्वलानं पैशांच्या पाटाकडं बघितलंही नाही. सरळ गेली, राजूला कडेवर घेतलं, रोशनीचा हात धरून उठवलं.

शेखर सगळ्यांकडं बघून म्हणाला, “तिनं उचललाय. कोणी बळजबरी केलेली नाही.”

पुंजाभावजी म्हणाले, “रीतीला धरूनच झालं म्हणायचं.” पोहे न खाता निघून गेले.

आता मला एवढंच कळत नाही. रीत तीच, सासऱ्यांच्या वेळची. तेव्हा कोणी रडलं नव्हतं.

रोशनी लिहिताना वर बघत नाही. म्हटलं, पाटावर बसलीस तर एवढं काय झालं, नवरीसारखी दिसत होतीस. तिनं पेन एवढं दाबलं की मागच्या पानावर भोक पडलं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

शेत दोघांनाही सारखंच लागतं, म्हणून ती रीत चालते. इथं एकाला पोरं जिवापाड आणि दुसऱ्याला ती काट्यातल्या वजनासारखी. मग वाटे कसेही पाडा, ती कुठला उचलणार हे आधीच ठरलेलं. माझ्या लेकाला एवढं डोकं आहे हे मला माहीत नव्हतं. सुरी मीच धार लावून दिली.

पण पोरगा माझा आहे. त्यालाही कुठंतरी राहायचं आहे. लेथवरचं काम, पाठ दुखते त्याची. बघू.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून अक्षर वेगळं दिसेल. रोशनीचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे, म्हणून उज्वला लिहिते आहे. तिची सुट्टी आहे आज. सुनेनं सासूचं तोंड लिहायचं म्हणजे गंमतच आहे. मी म्हटलं, तुझ्याबद्दल वाईट सांगितलं तर? म्हणाली, सांगा, लिहिते. शुद्धलेखनात चूक करीन फार तर.

शुक्रवारी मी गिरणीत दळण घेऊन गेले होते. उज्वला दुसऱ्या पाळीला. परत येते तर रोशनी जिन्याखाली बसलेली, मनगट हळकुंडासारखं वाकडं. म्हणाली, जिन्यावरून पडले. शेखरनंच तिला मोटरसायकलवर दवाखान्यात नेलं, पैसे भरले, येताना तिला उसाचा रस पाजला. बघ म्हटलं, बाप आहे शेवटी. रोशनी रसाचा घोट घेईना. नाही तर ह्या पोरीला उसाचा रस किती आवडतो.

पायऱ्यांना कठडा करून घ्यायला हवा होता. आता गोटीराम करील.

राजूनं नवा खेळ काढलाय. दिवसभर तेच. शेखरनं कारखान्यातून आणलेला मशीनचा जुना पट्टा घेतो, त्या काळ्या रबराचा, आणि जिन्यात उशी उभी करून तिला मारतो. टीव्हीवर बघितलं असेल काहीतरी. आवाज मात्र हुबेहूब बापाचा काढतो. मला हसू आवरेना. म्हणतो, तू मध्ये येऊ नको रोशे, मी राजूला मारतोय, हात बाजूला घे, हात बाजू

२१ फेब्रुवारी, बुधवार

परवाचं पान अर्धं राहिलं. आज चांगुणाच्या घरी बसून पुढचं सांगते. उज्वलाच लिहिते आहे. मान वळवता येत नाही तिला, म्हणून वही भिंतीला टेकवून उभी धरली आहे.

परवा ती लिहिता लिहिता उठली. मी म्हटलं, “काय झालं?” ती जिन्यात गेली, राजूच्या हातातून पट्टा घेतला आणि वर गेली. तोपर्यंत मला काही कळलं नव्हतं. वाक्य माझ्याच तोंडातलं होतं, पण ते मी नुसतं सांगितलं होतं, ऐकलं नव्हतं. वरून पहिला फटका ऐकू आला तेव्हा मला ते ऐकू आलं.

शेखर दाढी करत होता. तिनं पट्टा त्याच्या पाठीवर मारला, मग तोंडावर. आरसा फुटला. तो मागं वळला, अर्ध्या गालावर साबण, अर्ध्यावर रक्त. पट्टा हिसकून घेतला, तिला भिंतीशी लोटलं आणि तोच पट्टा तिच्या गळ्याभोवती घालून पीळ दिला. मी जिना चढून पोचले तेव्हा तिचे पाय जमिनीवर घासत होते, चपलेचा अंगठा तुटलेला. तिचे डोळे माझ्याकडं होते, पण मी दिसत होते की नाही कोणास ठाऊक.

मी त्याला शेखर म्हणून हाक मारली. मग बाळा म्हणून मारली. मग त्याच्या हाताला चावले. तोंडात उरलेले सगळे दात कामाला लावले. कातडं तुटेपर्यंत सोडलं नाही. त्यानं कोपर मारलं, मी पडले, पण पट्टा सुटला. तेवढ्यात चांगुणा आणि तिची माणसं आली.

रोशनीचा हात मग आम्ही नीट बघितला. प्लॅस्टरच्या वरही, दंडाला, काळ्या पट्ट्याचे वळ होते. तिनं इतके दिवस लांब बाह्यांचा फ्रॉक घातला होता. थंडी वाजते म्हणायची. ह्या घरात सगळ्यात जास्त बघणारी मी, आणि मला ती थंडी खरी वाटली.

चौकीवर तक्रार दिली आहे. शेखरला बोलावून घेतलं, लिहून घेतलं. उज्वला आणि पोरं आता चांगुणाकडं. मी माझ्या घरातच आहे. मध्ये एक भिंत.

काल धनराज येवल्याहून आला. सगळं ऐकून घेतलं, मग खालच्या आवाजात म्हणाला, “आई, एक विचारू? तुमच्या अंगठ्याशिवाय हे घर विकलं जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना? निम्मं तुमचं आहे. तुमचं म्हणजे तुमचं, शेखररावांचं नाही.”

मला वाटायचं, अंगठा म्हणजे नुसती हजेरी.

रात्री शेखरला सांगितलं, माझं निम्मं पोरांना. त्यानं जेवणाचं ताट माझ्यासमोर ठेवलं, व्यवस्थित, आणि म्हणाला, “बघू.” तो असा हळू बोलतो तेव्हा मला त्याच्या हाताकडं बघायची सवय लागली आहे.

४ मार्च, रविवार

उज्वला लिहिते आहे आणि मध्ये मध्ये डोळे पुसते आहे. अक्षर फिसकटलं तर माझा दोष नाही.

काल दुपारी मी पाट्यावर लसणाची चटणी वाटत होते. शेखर आला, शेजारी बसला. हातात स्टॅम्पपेपर आणि शाईची डबी. म्हणाला, “आये, तुला कचेरीत नको हेलपाटे. इथंच अंगठा दे, बाकीचं मी करतो.”

“काय लिहिलंय?”

“तुला वाचता येतं का?”

“नाही. म्हणून तर विचारते.”

तो म्हणाला, “सगळं माझ्यावर सोपवल्याचं लिहिलंय.” खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेव.

मी नाही म्हटलं. त्यानं माझं डावं मनगट धरलं. लहानपणी हाच अंगठा मुठीत धरून चालायला शिकला, पण ते त्याला कुठलं आठवणार. अंगठा डबीत दाबला. मी मूठ आवळली, तर एकेक बोट उलगडायला लागला, शेंग सोलावी तसं. हाडं वाजत होती. दम लागला नव्हता त्याला. तेच भयंकर होतं.

म्हटलं, “थांब. हाताला तिखट आहे, कागद खराब होईल. पुसू दे.”

त्यानं सोडलं. रीतीचा माणूस आहे, कागद खराब झालेला चालत नाही.

मी डावा अंगठा पाट्यावर ठेवला आणि उजव्या हातानं वरवंटा उचलून घातला. एकदा घातला, तर नख फुटलं. पण ठसा शाबूत दिसला म्हणून परत घातला. चटणीत रक्त गेलं. चांगली झाली होती चटणी.

आवाज माझ्या तोंडून नाही निघाला, त्याच्या तोंडून निघाला. मग म्हणाला, “वेड लागलंय तुला. उजव्याचाही चालतो. दुसरं बोटही चालतं.”

म्हटलं, “चालतं ना? अजून नऊ आहेत. तू कागद आण, मी पाटा मांडते.”

आणि करंगळी ठेवली.

तो पांढरा पडला. मोरीवर जाऊन ओकला. उज्वलाचा दात पडला, पोरीचं हाड मोडलं, तेव्हा ह्याच्या पोटात काही हललं नव्हतं. स्टॅम्पपेपर चुलीजवळ पडला होता, तसाच टाकून निघून गेला.

ठणका असा आहे की सगळं अंग अंगठ्यात गोळा झालंय. डॉक्टर म्हणाले, आजी, कसं झालं? मी म्हटलं, जिन्यावरून पडले. रोशनी माझ्याकडं बघायला लागली. मग दोघी हसलो. तिच्या हसण्याला फार दिवसांनी आवाज होता.

१८ मार्च, रविवार

चांगुणाच्या ओसरीवर पुन्हा बैठक. तेच लोक. पोरांना मी मागच्या अंगणात पाठवलं होतं. शेखर दाराशीच उभा राहिला. माझ्या पट्टीकडं बघत नव्हता.

मी म्हटलं, “मागच्या वेळी वाटे पाडणारा चुकला. ह्या वेळी मी पाडते. पहिला वाटा तू उचल, शेखर.”

दोन पाट मांडले. दोन्ही रिकामे.

“ह्या पाटावर घराचा सगळा पैसा. उद्या अंगठा देते, एकही रुपया मागत नाही. पण पोरांचं तोंड परत बघायचं नाही. रस्त्यात दिसली तर रस्ता बदलायचा. ह्या दुसऱ्या पाटावर निम्मा पैसा, तुझा तुला. माझा निम्मा उज्वलाकडं, पोरांसाठी. आणि दर रविवारी दुपारी पोरं भाड्यानं राहतील त्या खोलीवर तू यायचं, पोरांजवळ बसायचं. मी समोर बसणार. पट्ट्याची गोष्टच सोड, नुसता आवाज चढला तरी दार बंद.”

धनराज माझ्याकडं बघतच राहिला.

मागच्या अंगणात राजू कोंबडीमागं धावत होता, त्याचा आवाज येत होता. शेखरनं नाक पुसलं आणि येऊन दुसऱ्या पाटाला हात लावला. त्याच्या हातावर माझ्या दातांची खूण होती, अजून लाल.

तो गेल्यावर उज्वला माझ्यावर उसळली. पहिल्यांदाच. “आई, त्यानं सगळा पैसा उचलला असता तर? माझ्या पोरांचं घर तुम्ही जुगारात लावलंत.”

म्हटलं, “उचलला असता तर उचलला असता. अंगठा कोणाचा आहे?”

“म्हणजे तुम्ही दिला नसता?”

“नऊ बोटं होती, बाई.”

“मग रीत?”

“रीत त्यानं शिकवली मला, अकरा तारखेला.”

हे तिनं लिहिलं आणि खाली स्वतःच एक ओळ लिहून ठेवली. काय लिहिलं ते मला वाचून दाखवत नाही. माझ्याच वहीत.

२९ मार्च, गुरुवार

खरेदीखत झालं. डावा अंगठा अजून बांधलेला, म्हणून उजव्याचा घेतला. कारकून म्हणाला, “आजी, हाताला काय लागलं?” शेखर मागं उभा होता. मी म्हटलं, “चटणी तिखट झाली होती.” गोटीरामनं दोन वेगळे डीडी आणले होते. उज्वलानं आमचा ब्लाऊजमध्ये ठेवला आणि वरून पदर घट्ट खोचला. दाताची गाठ अजून त्याच पदराला आहे.

बाहेर आल्यावर शेखरनं विचारलं, “आये, तू कुठं राहणार?” म्हटलं, “तुझ्या पहिल्या वाट्यात होते मी, आठवतं? ह्या वेळी मी कुठल्याच पाटावर नव्हते. म्हणून माझी जागा मीच ठरवली.”

१५ एप्रिल, रविवार

रोशनीचं प्लॅस्टर निघालं. आज तीच लिहिते आहे. हात बारीक झालाय, अक्षर मात्र पहिल्यापेक्षा बरं आहे. बाईंना सांगायला हवं, मोडून बसवल्यावर सुधारतं. रोशनी म्हणते, आजी, ह्यात गंमत नाही. बरं, नाही.

आमची खोली चांगुणाच्या मागच्या गल्लीत आहे. दोन खण, एक खिडकी, जिना नाही. ते मी आधी बघून घेतलं.

शेखरचा हा तिसरा रविवार. येतो, चपला ओळीत ठेवतो, दाराजवळ बसतो. आज राजूला कलिंगड घेऊन आला. राजूनं दुरूनच थँक्यू म्हटलं आणि माझ्या मांडीत बसून खाल्लं. बिया मोजत बसला होता शेखर, दुसरं काय करणार. मी समोर भाकरी थापत होते, नऊ बोटांनी. दहावं नुसतं सोबतीला असतं. तो बियांवर वाकला की मला त्याची पाठ दिसते. अजून माझ्या लेकाचीच आहे ती पाठ. हे कोणाला सांगू नये, पण वहीला चालतं.

मग तो पाणी प्यायला उठला. तांब्या वरच्या फळीवर होता, रोशनीच्या डोक्यावर. त्यानं तांब्यासाठी हात वर केला.

रोशनीचा हात तिच्या डोक्यावर गेला. तोच, नुकता सुटलेला. मान खाली, कोपर पुढं, डोळे मिटलेले. सगळं एका क्षणात, अंग स्वतःच करतं तसं.

शेखरचा हात तसाच वर राहिला. मग त्यानं तो हळूहळू खाली आणला, लोकं विजेची जिवंत तार सोडतात तसा. पाणी न पिता जाऊन दाराजवळ बसला. थोड्या वेळानं म्हणाला, “रोशनी, जरा पाणी देशील?”

ती उठली नाही. मीही तिला उठ म्हटलं नाही. त्याची वेळ पाच वाजेपर्यंतची होती, तेवढा वेळ तो तहानलेला बसला. पुढच्या रविवारी येईल की नाही, मला माहीत नाही.

रोशनी म्हणते, आजी, एवढं लिहायला नको. म्हटलं, लिही. वर गेला तो हाच हात होता ना? मग लिहू दे त्यालाच.